मेटल डिटेक्टर : यंत्र, माती आणि आपली जबाबदारी

या अंकासाठी निवडलेली पाचही पत्रे मेटल डिटेक्टरविषयी आहेत. छंद म्हणून जमिनीतील जुन्या वस्तू शोधण्याची ओढ आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील तरुणांमध्ये दिसू लागली आहे आणि त्यासोबत गैरसमजही पसरत आहेत. म्हणून या वेळी एकाच विषयाला पूर्ण जागा देत आहे.

प्रश्न : आमच्या रानात नांगरताना दोनदा शिवराई पैसे मिळाले. तेव्हापासून मेटल डिटेक्टर घ्यावा असे मनात आहे. जाहिरातींत दहा फूट खोलीवरचे सोने दाखवणारी यंत्रे दिसतात. पहिले यंत्र कोणते घ्यावे? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : खोलीचा आकडा वाचून यंत्र निवडू नये, हे सर्वांत आधी सांगणे मला आवश्यक वाटते. डिटेक्टरच्या तबकडीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारेची वेटोळी असतात. एक वेटोळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते, त्या क्षेत्रामुळे धातूत सूक्ष्म विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे परत आलेले क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. अंतर वाढले की हे क्षेत्र फार झपाट्याने क्षीण होते. त्यामुळे नऊ ते अकरा इंचांची कॉइल असलेल्या चांगल्या यंत्रालाही रुपयाएवढे नाणे साधारण सहा ते आठ इंचांपर्यंतच खात्रीने कळते. हंड्याएवढी मोठी वस्तू त्याहून खोल कळू शकते, पण दहा फुटांवरचे सुटे नाणे छंदासाठीचे कोणतेही यंत्र दाखवत नाही.

पहिले यंत्र व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी), म्हणजे अतिशय कमी वारंवारितेच्या पद्धतीचे घ्यावे. ही यंत्रे साधारण ३ ते ३० किलोहर्ट्झ या पट्ट्यात चालतात आणि परतलेल्या लहरीला किती उशीर झाला यावरून धातूच्या जातीचा अंदाज पडद्यावर आकड्याने सांगतात. कमी वारंवारिता तांब्या-चांदीच्या मोठ्या नाण्यांना मानवते, तर जास्त वारंवारितेला सोन्याचे लहान दागिने सहज कळतात. अनेक वारंवारिता एकाच वेळी वापरणारी यंत्रे महाग असली तरी आपल्याकडच्या मातीत त्यांचा उपयोग होतो. पल्स इंडक्शन पद्धतीची यंत्रे कठीण मातीतही खोल शोध घेतात, परंतु लोखंड आणि इतर धातू यांत ती नीट भेद करू शकत नाहीत. शेकडो खिळे खणून काढण्याची तयारी नसेल तर नवख्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

गॅरेट, मिनलॅब, नोक्टा ही या क्षेत्रातील परिचित नावे आहेत. नावापेक्षा मी चार गोष्टी पाहीन : मातीशी जुळवून घेण्याची, म्हणजे ग्राउंड बॅलन्सची सोय हाताने करता येते का, हेडफोन जोडता येतो का, कॉइलला पाणी चालते का आणि अर्धा तास हलवल्यावर हात भरून येतो का. सुटी कॉइल आणि दुरुस्ती मिळेल का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. देवळाच्या किंवा मॉलच्या दारात अंगावरून फिरवतात ती दांडी सुरक्षेसाठी असते. ती जमिनीच्या कामाची नाही.

आपल्याला मिळालेल्या शिवराईंविषयी मात्र तिसरे उत्तर अवश्य वाचावे.

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचे रान आहे. भावाने आणलेला डिटेक्टर तेथे पाऊलभरही गप्प राहत नाही, तर मित्राच्या चिक्कोडीच्या रानात तो बरा चालतो. यंत्र बिघडले आहे का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : बहुधा यंत्र ठीक आहे आणि ते आपल्या मातीबद्दल खरेच सांगत आहे. खानापूरकडची तांबडी जमीन जांभ्याची आहे आणि जांभ्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. हे लोह यंत्राला धातूसारखेच भासते. चिक्कोडी-निपाणीची काळी जमीन बेसाल्टपासून झाली आहे. तिच्यातही लोहखनिज असते, पण ते पुष्कळदा एकसारखे पसरलेले असल्याने यंत्राला त्याच्याशी जुळवून घेणे सोपे जाते. जांभ्यात मात्र मधूनच एखादा लोहाने भरलेला खडा येतो आणि यंत्र तेथे फसवा आवाज देते. खडा बाजूला सारून पुन्हा कॉइल फिरवली की खरेखोटे लगेच कळते.

प्रथम एक परीक्षा करावी. कॉइल कमरेएवढी उंच धरून स्थिर ठेवावी. तरीही आवाज येत असेल तर दोष मातीचा नसून जवळच्या उच्चदाब वाहिनीचा, पंपाच्या मोटरीचा किंवा आपल्याच खिशातील मोबाइलचा आहे, तेव्हा तेथून दूर जावे किंवा वारंवारिता बदलावी. हवेत यंत्र शांत आणि जमिनीवर गोंगाट असेल तर ग्राउंड बॅलन्स करावा. त्यासाठी धातू नसलेली जागा निवडून कॉइल जमिनीलगत आणि फूटभर उंच अशी संथपणे वर-खाली करावी आणि दोन्ही ठिकाणी आवाज सारखा होईपर्यंत यंत्र जुळवत राहावे. तांबड्या रानातून काळ्या रानात गेल्यावर, तसेच पाऊस पडून गेल्यावर, ही जुळणी नव्याने करावी लागते. एवढे करूनही गोंगाट राहिला तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनक्षमता, कमी करावी. खोली थोडी कमी होईल, पण जे ऐकू येईल त्यावर विश्वास ठेवता येईल.

या तत्त्वाच्या अगदी आरंभीच्या प्रयोगालाही असाच अडथळा आला होता, असे सांगतात. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच उपकरण वापरले, पण गोळी सापडली नाही. पलंगातील पोलादी स्प्रिंगा हे त्याचे एक कारण मानले जाते. आजूबाजूला कोणता धातू आहे हे माहीत नसेल तर उत्तम यंत्रही निरुपयोगी ठरते, हे आपल्या रानातही तितकेच खरे आहे. तेथे बैलांच्या गळून पडलेल्या पत्र्या, कुळवाचे तुकडे, तारेचे कुंपण आणि बाटल्यांची झाकणे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असतात.

लोखंड गाळण्यासाठी डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज बंद ठेवण्याची सोय, फार वाढवण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. सोन्याची पातळ वस्तू आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद यांचे आकडे यंत्रावर जवळजवळ सारखेच येतात, त्यामुळे एक गाळले की दुसरेही जाते. कॉइल जमिनीशी समांतर ठेवून सावकाश फिरवावी आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा येऊ द्यावा. आवाज आला की आडवी फेरी घ्यावी, तीच खूण पुन्हा मिळाली तरच खुरपे लावावे. माती तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटावी आणि काम झाल्यावर खड्डा बुजवून पायाने दाबावा. काळ्या रानात एक गोष्ट अधिक लक्षात ठेवावी. उन्हाळ्यात तेथे खोल भेगा पडतात आणि वरची वस्तू त्यांतून खाली जाते, म्हणून अलीकडे पडलेले नाणेही यंत्राच्या आवाक्याबाहेर गेलेले असू शकते.

प्रश्न : आम्ही तीन मित्र सुट्टीच्या दिवशी किल्ल्याच्या पायथ्याशी आणि जुन्या देवळांच्या परिसरात डिटेक्टर फिरवावा असे ठरवत आहोत. सापडलेली नाणी आमचीच ना? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : नाहीत, आणि आपण त्या ठिकाणी जाऊच नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यंत्र बाळगणे वेगळे आणि जमीन खणणे वेगळे. केंद्र किंवा राज्याने संरक्षित केलेल्या वास्तूच्या व स्थळाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणे हा गुन्हा आहे. केंद्रसंरक्षित स्मारकांभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र मानले जाते. भीमगड अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. लष्कराच्या हद्दीत आणि गोळीबाराच्या सरावाच्या मैदानाजवळ फिरणे तर जिवावर बेतू शकते. गोळा किंवा काडतूस दिसले तर हात न लावता ११२ वर कळवावे.

खासगी शेतात मालकाची लेखी संमती घ्यावीच, पण तीही पुरेशी नाही. कर्नाटकात निखात निधीसाठी, म्हणजे जमिनीत दडलेल्या धनासाठी, १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे, तर महाराष्ट्रात १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम. आपल्या भागात एकाच कुटुंबाची जमीन कर्नाटकातील निपाणीकडे आणि महाराष्ट्रातील कागलकडेही असते, म्हणून दोन्हींचा उल्लेख करतो. जमिनीत दडलेले मौल्यवान काही मिळाले तर ते कोठे, केव्हा आणि काय मिळाले हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे हे दोन्हीकडे शोधणाऱ्याचे कर्तव्य आहे. १८७८ च्या कायद्यात त्यासाठी मूल्याची मर्यादा अवघी १० रुपये ठेवलेली आहे आणि माहिती दडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. याखेरीज १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. परवान्यावाचून तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. निपाणीच्या वाचकांनीही आपल्या शिवराईंची माहिती तहसील कार्यालयामार्फत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

केवळ कायद्याच्या भीतीने हे लिहीत नाही. एकोणिसाव्या शतकात खानापूर तालुक्यातील हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले. मोडीच्या भावाने त्या तांब्याला कितीशी किंमत आली असती? परंतु त्यांवरील लेखांमुळे काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा यांनी दिलेली दाने कळली आणि हलशीचे पलाशिका हे प्राचीन नाव उजेडात आले. बेळगावलगतच्या वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती उघड झाली ती मातीचे थर एकेक करून उलगडल्यामुळे. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी होते, यावरून त्या थराचा काळ ठरतो. खुरप्याने ते उचकटून खिशात घातले की नाणे राहते आणि त्याची साक्ष नष्ट होते. खापर, जुनी वीट किंवा एकाहून अधिक जुनी नाणी दिसताच खणणे तेथेच थांबवावे, जागेचे छायाचित्र घ्यावे आणि वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये. चिंचेने उजळलेल्या नाण्यावरची अक्षरे कायमची जातात.

आपल्याला खरोखर जुन्याची ओढ असेल तर इतिहास किंवा पुरातत्त्व विभागाच्या प्राध्यापकांना भेटून त्यांच्या सर्वेक्षणात हात द्यावा. सरावासाठी स्वतःचे परसू आणि संमतीने मिळालेली मोकळी, अलीकडच्या काळातील मैदाने पुष्कळ आहेत. तेथे १९४३ ते १९४७ मधले भोकाचे पैसे किंवा नंतरची ॲल्युमिनियमची नाणी मिळण्याचा आनंदही लहान नसतो.

प्रश्न : आमच्या गावात एक गृहस्थ दोन पितळी दांड्यांचे यंत्र घेऊन आले आहेत. दांड्या एकमेकींकडे वळल्या की तेथे सोने असते आणि ते अर्ध्या मैलावरून कळते, असे ते सांगतात. ते आगाऊ रक्कम आणि अमावास्येची पूजा मागत आहेत. (एक शेतकरी, अथणी)

उत्तर : एक पैसाही देऊ नये. हातातल्या दांड्या मनगटाच्या नकळत झालेल्या हालचालीने वळतात. अर्ध्या मैलावरचे सोने ओळखणारे असे कोणतेही यंत्र नाही. याच जातीचे एडीई ६५१ नावाचे बनावट यंत्र स्फोटके शोधणारे म्हणून अनेक देशांना विकले गेले आणि त्याच्या ब्रिटिश विक्रेत्याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. गुप्तधनासाठी केले जाणारे अमानुष विधी कर्नाटकाच्या २०१७ च्या काळी जादू प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहेत. मुलांना किंवा जनावरांना त्यात ओढले जाण्याची शंका जरी आली तरी पोलिसांना तत्काळ कळवावे.

प्रश्न : भुईमुगाची भांगलण करताना माझ्या सासूबाईंच्या मंगळसूत्रातील एक वाटी रानात पडली. त्यांनी चार दिवस अन्न गोड मानले नाही. यंत्राने ती मिळेल का? (एक वाचक भगिनी, चिक्कोडी)

उत्तर : मिळण्याची चांगली शक्यता आहे आणि या यंत्राचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही. वाटी नुकतीच पडलेली असल्याने ती वरच्या दोन-तीन इंचांतच असेल. ज्याच्याकडे यंत्र आहे अशा ओळखीच्या मुलाला बोलवावे आणि सासूबाईंकडे उरलेली दुसरी वाटी प्रथम मातीवर ठेवून यंत्र कसा आवाज आणि कोणता आकडा देते हे पाहून घ्यावे. शोधणाऱ्याने बोटातील अंगठी आणि पायातील लोखंडी टाचेचे बूट काढून ठेवावेत. डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद करावे, कारण पातळ सोन्याचा आवाज अगदी बारीक येतो. लहान कॉइल असेल तर ती ओळींमधून चांगली फिरते.

त्या दिवशी भांगललेल्या ओळी सासूबाईंनाच विचाराव्यात, दोऱ्या बांधून वावभर रुंदीचे पट्टे पाडावेत आणि एक पट्टा संपल्यावरच दुसरा घ्यावा. उपटलेले तण बांधावर टाकले असेल तर तो ढीगही पसरून तपासावा, कारण वाटी तणाच्या मुळांतील मातीबरोबर तेथे गेली असण्याचा संभव आहे. दुसऱ्या कोणाला ती मिळाली असेल तर ती त्याची होत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू त्याने मालकासाठी सांभाळायची असते. शोध पूर्ण होईपर्यंत त्या रानात कोळपे घालू नये आणि पाणीही सोडू नये, कारण ओल्या काळ्या मातीचा लगदा होऊन वाटी आणखी खाली दबेल.