शाळेजवळचं घर म्हणजे शाळेत प्रवेश नव्हे

वहिनी, तुमचा मुख्य प्रश्न: लंडनमधल्या हॅरोतलं घर ‘चांगल्या शाळेपासून पाच मिनिटांवर’ आहे म्हणून बडोद्यात बसूनच त्याचं बयाणं द्यावं का? देऊ नका.

आपल्याकडे दांडिया बाजारात राहून मूल व्हॅनने अलकापुरीला जातं, त्यामुळे घर वेगळं आणि शाळा वेगळी. इंग्लंडात सरकारी शाळेला फी नाही, डोनेशन नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की क्रम लागतो: सरकारच्या सांभाळातली मुलं सर्वांत आधी, मग बहुतेक ठिकाणी शाळेतल्या मुलांची भावंडं, आणि उरलेल्या जागा अंतरावर. हे अंतर बहुधा सरळ रेषेत मोजतात. एजंटची पाच मिनिटं तिथे चालत नाहीत. शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली, हा आकडा कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, मिळतो. एका वर्षाचा बघून भागत नाही. ज्या वर्षी भावंडं जास्त, त्या वर्षी लांबच्यांची गच्छंती. घर त्या हद्दीच्या काठावर असेल तर शाळेच्या नावाखाली जास्तीचे पैसे मोजू नका.

शिवाय तुमची मुलगी सहा वर्षांची आणि तुम्ही येणार मार्चमध्ये, शाळेचं वर्ष चालू असताना. म्हणजे वर्गात जागा रिकामी असेल तरच प्रवेश. रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या पहिल्या तीन वर्गांत एका शिक्षकामागे ३० मुलं ही कायद्याने घातलेली मर्यादा आहे, अपवाद मोजके. शाळेच्या भिंतीला भिंत लागून घर असलं तरी वर्ग भरलेला असेल तर वेटिंग लिस्ट. म्हणून घराआधी कौन्सिलला ईमेल करा: या वर्गात सध्या कुठे जागा आहे?

जाहिरातीतल्या ‘आउटस्टँडिंग’ला भुलू नका. शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेने सरकारी शाळांना असा एका शब्दाचा एकूण शेरा देणं सप्टेंबर २०२४ पासून बंद केलंय. त्यातून २०१२ ते २०२० या काळात ‘आउटस्टँडिंग’ शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूटच होती, त्यामुळे काही शेरे फार शिळे. अहवालाची तारीख बघा. निकालाच्या टक्क्यांवरही आपले लोक उगाच जीव टाकतात. त्यात आईवडिलांची ऐपत आणि ट्यूशनही मिसळलेली असते.

सुरुवातीला भाड्याने राहा. अर्जाला भाड्याचा पत्ताही चालतो, फक्त भाडेकरार आणि कौन्सिल टॅक्सचं बिल तुमच्या नावावर हवं.