कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लोक ट्विटरवर बेड आणि ऑक्सिजन कसे शोधत होते? त्यातून खरंच काही मिळायचं का?

मिळायचं, पण शोध नीट लावला तर. एप्रिल २०२१ मध्ये नुसतं 'पुणे ऑक्सिजन' टाकलं की मागणाऱ्यांचीच रांग दिसायची, देणारा एखादाच. म्हणून लोक शहराचं नाव, 'ऑक्सिजन' आणि 'व्हेरिफाइड' हे शब्द टाकत, 'नीडेड' आणि 'रिक्वायर्ड' यांच्याआधी उणे चिन्ह लावत, म्हणजे मागणीची ट्विटं गळून जात. मग निकालांचा 'टॉप' टॅब सोडून सर्वात नवी ट्विटं आधी दाखवणारा 'लेटेस्ट' टॅब उघडायचा. शहर निवडलं की असा शोध आयता बनवून देणाऱ्या साइटही निघाल्या होत्या.

खरी मेख 'व्हेरिफाइड' या शब्दात होती. कोणीतरी, कधीतरी तो नंबर लावून पाहिला होता, एवढाच त्याचा अर्थ. सकाळचा साठा तासाभरात संपायचा, यादी मात्र कॉपी-पेस्ट होऊन रात्रीपर्यंत फिरायची. नवं ट्विट, नवी वेळ, माहिती शिळीच. त्यामुळे 'लेटेस्ट'ही फसवायचं. मजकुरातच 'तपासलं, दुपारी ३:१०' असं लिहिलेलं असेल तोच नंबर आधी लावायचा. मुंबईत बेडवाटप महापालिकेच्या वॉर्डनिहाय वॉर रूममधून (नियंत्रण कक्षातून) व्हायचं, तिथे बेडसाठी ट्विटर धुंडाळण्यापेक्षा वॉर रूमचा फोन लावत राहणं बरं पडायचं.

फोन लागला की 'सिलिंडर आहे का' एवढ्यावर थांबून भागत नसे. कोणता? बी टाइपमध्ये साधारण १५०० लिटर, म्हणजे मिनिटाला ५ लिटरने पाच तास. जंबो डी टाइपमध्ये सुमारे ७००० लिटर, त्याच वेगाने तेवीस तास. सोबत फ्लोमीटर आणि रेग्युलेटर, म्हणजे ऑक्सिजनचा वेग आणि दाब आवरणारे भाग, आहेत का? ते नसेल तर भरलेला सिलिंडर घरात नुसता उभा. काही ठिकाणी रिकामा सिलिंडर नेला तरच भरून मिळायचं, तेही आधीच विचारायचं. आणि पूर्ण रक्कम आधी यूपीआयने मागितली की फोन ठेवायचा. बरीच फसवणूक तिथेच झाली.

मोठी धावपळ रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनसाठी झाली, आणि माझ्या मते ती बरीचशी वाया गेली. कोर्स सहा कुप्यांचा: पहिल्या दिवशी दोन, मग चार दिवस एकेक. औषध रुग्णालयात ऑक्सिजनवर असलेल्यांसाठी होतं. जागतिक आरोग्य संघटनेने तर नोव्हेंबर २०२० मध्येच ते वापरू नये अशी शिफारस केली होती. तरी डॉक्टरांची चिठ्ठी हातात पडली की नातेवाईक शोधत सुटायचे. बारामतीत रिकाम्या कुप्यांत पॅरासिटामॉलचं द्रावण भरून विकणारे पकडले गेले ते याच गर्दीच्या जोरावर.

स्वतः मदत मागताना वय, ऑक्सिजन पातळी, ती ऑक्सिजन लावून आहे की न लावता, भाग आणि वेळ इतकं पुरायचं. फोन नंबर जपून. अनेक बायकांना त्यावर नको ते मेसेज आले. काम झालं की ट्विट लगेच काढून टाकायचं, नाहीतर मदत करणारे दोन दिवसांनंतरही त्याच रुग्णासाठी फोन फिरवत बसायचे.