दोराच्या गाडीने डोंगर चढताना

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

दिवाळीच्या सहली ठरायला लागल्या की हाँगकाँगची पीक ट्रॅम, मलेशियातलं पेनांग आणि युरोपातल्या डोंगरगाड्या, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या फ्युनिक्युलर, यांबद्दल पत्रं येतात. सप्टेंबर 2025 मधल्या लिस्बनच्या गाडीच्या अपघातामुळे त्यात काळजीचा सूरही आहे. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

दिवाळीनंतर आम्ही चौघं हाँगकाँगला जातोय. पीक ट्रॅममध्ये कुठल्या बाजूला बसावं आणि किती वाजता जावं? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना झेपेल का?
– गृहिणी, रत्नागिरी

चढताना उजवी बाजू. बंदर आणि उंच इमारती त्या बाजूला दिसतात. डावीकडे बहुतेक झाडी आणि डोंगराची कड. बाकं डोंगराकडे तोंड करून असतात आणि परतीला डबा वळत नाही. म्हणजे उतरताना तुम्ही पाठमोरे उतरता आणि शहर तेव्हाही उजव्या हातालाच असतं. बरेच जण चढताना उजवीकडे बसले म्हणून उतरताना डावीकडे धाव घेतात आणि झाडं बघत खाली येतात.

वेळेचं गणित सूर्यास्ताशी बांधलेलं आहे. नोव्हेंबरात तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सगळ्यांना उजेडातलं शहर आणि दिव्यांचं शहर एकाच फेरीत हवं असतं. त्यामुळे चारच्या सुमारास खालच्या, म्हणजे गार्डन रोडच्या स्थानकावर रांगेत असलेलं बरं. ऑक्टोपस कार्ड (तिथलं पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) जवळ असेल तर तिकीट खिडकीची रांग वाचते. खरी गर्दी अंधार पडल्यावर खाली यायला होते. आमचं मत विचाराल तर वर जाताना ट्रॅम आणि खाली येताना 15 क्रमांकाची बस. ती शहराच्या मध्यवर्ती सेंट्रल भागापर्यंत आणून सोडते आणि वळणावळणाच्या रस्त्यावरून शहरही दाखवते. आंबा घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी मात्र ट्रॅमची रांगच धरावी.

वर पोचल्यावर सशुल्क गच्ची आहे, पण ल्युगार्ड रोडने पंधरा-वीस मिनिटं चालत गेलात तर तोच देखावा फुकटात आणि निवांत मिळतो. रस्ता जवळजवळ सपाट आहे. सासूबाईंनाही हळूहळू जमेल.

आता त्यांच्या गुडघ्यांबद्दल. चालणं फार नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. ट्रॅमचा सगळ्यात तीव्र चढ सुमारे 26 अंशांचा आहे. गाडी निघण्याआधी त्यांना बसवून घ्या, कारण चढावर उभं राहिलं तर सगळा भार पोटऱ्यांवर आणि गुडघ्यांवर येतो. 2022 पासूनच्या नव्या डब्यात 210 माणसं मावतात, पण त्यातले बरेच उभेच असतात. दुसरं, वर पोचल्यावर डबा पूर्ण शांत होईपर्यंत उठू देऊ नका. पोलादी दोर ताणला जातो, सैलावतो, त्यामुळे थांबल्यानंतरही डबा एक-दोनदा खाली-वर डुलतो. नेमका तेव्हाच तोल जातो.

हवामानाचं म्हणाल तर ऑक्टोबर ते डिसेंबर हे दिवस सगळ्यात स्वच्छ. मार्च-एप्रिलमध्ये धुकं डोंगरमाथ्यावर बसून राहतं. निघण्यापूर्वी सेंट्रलच्या किनाऱ्यावरून माथ्याकडे बघा. शिखर ढगात असेल तर तिकीट काढू नका, वर पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसणार नाही.

ही गाडी 30 मे 1888 ला सुरू झाली, आधी वाफेवर आणि 1926 पासून विजेवर. 1908 ते 1949 या काळात पुढच्या जागा गव्हर्नरसाठी राखीव असत. तुम्हाला मात्र रांगेतच उभं राहायचं आहे.

रायगडाचा रोपवे, माथेरानची गाडी, उटीची गाडी आणि ही फ्युनिक्युलर. चारही डोंगर चढतात, मग फरक काय? मुलाने विचारलं आणि मला सांगता आलं नाही.
– वाचक, चिपळूण

रायगडाला हिरकणीवाडीहून निघणारा पाळणा दोराला टांगलेला असतो. खाली रूळच नाहीत. माथेरानची गाडी साध्या रुळावर स्वतःच्या इंजिनाच्या चाकांनी चढते, आणि इथेच मर्यादा येते. पोलादी चाक पोलादी रुळावर फार चढ सोसत नाही. कोकण रेल्वे आखताना चढ 150 मीटरला 1 मीटर इतकाच ठेवला. बोर घाटात तो 37 ला 1 आहे आणि तिथेच मागून जादा इंजिनं लावावी लागतात. उटीच्या गाडीला कल्लार ते कुन्नूर 12 ला 1 असा चढ आहे, म्हणून रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवून इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकवलेलं असतं.

फ्युनिक्युलरमध्ये डब्याने स्वतः चढायचं नसतंच. दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले असतात आणि दोर डोंगरमाथ्यावरच्या मोठ्या चाकावरून जातो. रहाटाला दोन बाजूंना दोन कळशा बांधाव्यात तसंच हे: एक खाली येते म्हणून दुसरी वर जाते. डब्यांचं वजन एकमेकांना तोलतं. माथ्यावरच्या मोटरला फक्त दोन बाजूंच्या प्रवाशांच्या वजनातला फरक, घर्षण आणि दोराचं स्वतःचं वजन एवढंच ओढावं लागतं. सगळ्यात जड काम सुरुवातीला असतं, कारण तेव्हा जवळजवळ सगळा दोर खालच्या डब्याच्या बाजूला लोंबत असतो. म्हणूनच चढ 2 ला 1 पर्यंत सहज नेता येतो. स्वित्झर्लंडमधल्या श्टोसच्या 2017 च्या गाडीने तर 100 मीटर आडव्या अंतरात 110 मीटर उंची गाठण्याइतका चढ पेलला आहे. तिथे डबे गोल पिंपासारखे असून ते फिरत राहतात, म्हणजे प्रवासी कायम सरळ उभा राहतो.

मुलाला दाखवायची खरी गंमत वाटेच्या मध्यावर आहे. बऱ्याच गाड्यांना रूळ एकेरीच असतात आणि बरोबर अर्ध्या वाटेत दोन डबे एकमेकांना ओलांडतात. तिथे सांधेवाला नाही, हलणारा सांधाही नाही. एका डब्याच्या डाव्या चाकांना दोन्ही बाजूंनी कड असते, उजवी चाकं मात्र रुंद आणि बिनकडेची असतात. त्यामुळे तो डबा कायम डावीकडच्या रुळावर जातो. दुसऱ्या डब्याचं नेमकं उलट. बिनकडेची चाकं रुंद असल्यामुळे दोर जाण्यासाठी रुळात सोडलेल्या फटीवरूनही ती निर्धोक सरकतात. ही युक्ती स्विस अभियंता रोमान आब्ट याची. 1886 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानोच्या गाडीला ती या रूपात पहिल्यांदा वापरली गेली. उटीच्या गाडीची दातेरी पट्टीही याच आब्टच्या पद्धतीची आहे.

दोन्ही डबे एकाच दोरावर असल्यामुळे एक थांबला की दुसरा थांबतोच. मधल्या स्थानकावर एका डब्यात कुणी चढत असेल तर दुसरा डबा रानात उगाच उभा राहिलेला दिसतो. घाबरू नका, आणि दार उघडायचा प्रयत्न तर मुळीच करू नका. बाजूला जमिनीलगत कप्प्यांवरून दोर गेलेला असतो आणि तो केव्हाही चालू होतो.

लिस्बनचा अपघात वाचून सगळं कुटुंब बिथरलं आहे. या जुन्या गाड्यांत बसावं की नाही?
– निवृत्त बँक कर्मचारी, मालवण

3 सप्टेंबर 2025 ला लिस्बनच्या ग्लोरिया गाडीत 16 माणसं गेली, तेव्हा काळजी रास्त आहे. काय बिघडलं ते नीट समजून घ्या. ही गाडी 1885 ची, 1915 मध्ये विजेवर आली. मोटरी डब्यातच आहेत, पण तोल जमिनीखालून जाणारा दोर सांभाळतो. तो दोर जिथे वरच्या डब्याला जोडलेला होता, तिथेच सुटला. ती जागा डबा खोलल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे त्या दिवशी सकाळच्या तपासणीत काही आढळलं नव्हतं. तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालाप्रमाणे तो दोर प्रवासी वाहतुकीसाठी प्रमाणित नव्हता. चालकाने ब्रेक लावले, पण दुसऱ्या डब्याचा तोल गेल्यावर एकट्या डब्याला थोपवण्याची त्या ब्रेकांची ताकदच नव्हती.

मुद्दा या शेवटच्या वाक्यात आहे. दोर झिजतोच, तो ठराविक काळाने बदलायचा असतो. प्रश्न असा की दोर नसतानाही डबा जागेवर थांबतो का? अलीकडे बांधलेल्या किंवा पूर्ण नव्याने केलेल्या गाड्यांत माथ्यावरच्या चाकाला वेगळे ब्रेक असतातच, शिवाय डब्याखाली रुळाला दोन्ही बाजूंनी चिमटणारे जबडे असतात. दोर सैल पडला किंवा वेग मर्यादेबाहेर गेला की ते आपोआप बंद होतात, चालकाची वाट बघत नाहीत. तेव्हा गाडी किती जुनी हे बघून ठरवू नका. तिचा दोर आणि ब्रेक केव्हाचे आहेत ते बघा. पीक ट्रॅम 1888 ची म्हणवते, पण डबे, दोर, यंत्र सगळं 2022 चं आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, विशेषतः बोगद्यातल्या गाडीसाठी. 11 नोव्हेंबर 2000 ला ऑस्ट्रियात काप्रून इथे बोगद्यातल्या फ्युनिक्युलरला आग लागून 155 माणसं गेली. चढत्या बोगद्यात धूर धुराड्यासारखा वर जातो आणि बहुतेक लोक वरच पळाले. डब्यातले जे 12 जण वाचले ते आगीच्या बाजूने खाली उतरले होते. चढत्या बोगद्यात धूर दिसला आणि वाट असली, तर खालीच जायचं.

डब्यातून काढलेल्या फोटोंत इमारती कलत्या का येतात? काचेचं प्रतिबिंब कसं टाळावं?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, अलिबाग

चढावर डब्याची चौकट आणि बाक कललेले असतात, पण डोळा त्यांनाच सरळ मानतो, म्हणून इमारती पडायला आल्यासारख्या वाटतात. रात्री क्षितिज दिसत नसल्यामुळे हा भास वाढतो. फोटो घेताना खिडकीची कड धरू नका, एखाद्या इमारतीची उभी कड धरून मोबाइल सरळ करा. प्रतिबिंबासाठी मोबाइल काचेला टेकवा आणि भोवती काळा रुमाल धरा. काच थरथरते, त्यामुळे रात्री एकाऐवजी आठ-दहा फोटो लागोपाठ घ्या.

आमच्याकडे डोंगर काय कमी आहेत? मग अशी गाडी कोकणात का नाही?
– आंबा बागायतदार, देवगड

डोंगर आहेत, पण त्यांचा पोत बघा. वर जांभ्याचा कडक थर आणि त्याखाली मऊ चिकणमाती. रत्नागिरी परिसरात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ते पाणी जांभ्याच्या भेगांतून खाली उतरतं आणि मातीचा थर ओला होऊन वरचं ओझं सरकतं. फ्युनिक्युलरला पायथ्यापासून माथ्यापर्यंत सलग, शक्यतो सरळ आणि न हलणारा पाया लागतो. मध्ये दोन बोटं जरी खचलं तरी रूळ वाकतो आणि दोर कप्पीवरून उतरतो. रोपवेचं तसं नाही. त्याला मोजक्या जागी खांब रोवले की भागतं. म्हणून रायगडावर रोपवेच योग्य.

समुद्रालगत आणखी एक त्रास: खारी हवा. दोराच्या तारा आतून गंजायला लागल्या की बाहेरून दोर ठीक दिसतो. वंगण वारंवार भरावं लागतं आणि पावसाच्या माऱ्यात ते धुऊन जातं. पाण्याचे चर, गटारं, वंगण आणि तपासणी यांचा खर्च रोजच्या प्रवाशांतून निघाला पाहिजे. बारमाही गर्दी असलेलं देवस्थान किंवा शहराला चिकटलेली टेकडी असेल तरच तो निघतो. पर्यटक मे महिन्यात आणि दिवाळीत येणार, आणि जून ते सप्टेंबर गाडी बंद: अशा हिशोबात ती उभी राहत नाही.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. सप्तशृंगी गडावर पायऱ्यांना पर्याय आहे असं ऐकलं. आणि पेनांगची गाडीही तशीच का?
– नोकरदार, वेंगुर्ले

सप्तशृंगी गडावर 2018 पासून फ्युनिक्युलर आहे, तिथे तिला ट्रॉली म्हणतात. नांदुरीहून गाडीरस्त्याने गडावरच्या गावापर्यंत जायचं आणि मग पाचशेच्या आसपास पायऱ्यांऐवजी ट्रॉली घ्यायची. ‘देशातली पहिली’ अशी तिची जाहिरात होते, पण तमिळनाडूत पळणीच्या मुरुगन देवळाला दोराने ओढली जाणारी विंच गाडी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. चैत्र आणि नवरात्रातली यात्रा टाळा. त्या दिवसांत रांगेत उभं राहण्यापेक्षा पायऱ्याही लवकर होतील.

पेनांगची गाडी 1923 ची, जवळपास 2 किलोमीटर लांब. 2010 पर्यंत ती दोन टप्प्यांत चाले आणि मधल्या स्थानकावर डबा बदलावा लागे. आता थेट जाते. जॉर्जटाऊनहून 204 क्रमांकाची बस पायथ्याशी नेते. इथे शहर बाजूला नसतं, मागे राहतं. म्हणून चढताना डब्याच्या खालच्या टोकाची काच पकडा. सगळे पुढे घुसतात. तिथून फक्त रूळ आणि बोगदा दिसतो. डब्यात आतही पायऱ्या आहेत, तेव्हा आई-बाबांना चढतील त्याच पातळीवर बसवा.

बुडापेस्टची आणि इस्तंबूलची जुनी गाडी, दोन्हीतून देखावा दिसतो का? वेळ एकीसाठीच आहे.
– वाचक, दापोली

बुडापेस्ट. 1870 ची गाडी, महायुद्धात उद्ध्वस्त झाली आणि 1986 मध्ये पुन्हा सुरू झाली. जेमतेम 95 मीटर लांबी, पण डॅन्यूब आणि साखळी पूल समोर. डब्यात पायरीपायरीने तीन कप्पे आहेत. सगळ्यात खालचा मागून घ्या, वरच्या दोघांतून समोर पुढच्या कप्प्याचं छप्पर येतं. रांग लांब असेल तर वर चालत जा आणि उतरताना बसा.

इस्तंबूलची तुनेल 1875 ची, 573 मीटर लांब आणि पूर्णपणे जमिनीखाली. काराकॉयहून बेयोग्लूचा चढ वाचवायला उत्तम. देखावा शून्य.