उत्तरेचा उजेड आणि स्टुडिओचं दार

प्रश्न : मी चित्रकार आहे, मोठे ऑइल कॅनव्हास करते. नाशिकला ४० बाय ६० फुटांच्या प्लॉटवर घर आणि स्टुडिओ बांधायचाय. आर्किटेक्टनी पॅरिसच्या आधुनिक घरांचे फोटो दाखवून उत्तरेला पूर्ण काच आणि हॉल-स्टुडिओ एकत्र, असं सुचवलंय. घरात सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी आहे. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, फोटोंमध्ये बहुधा आर्किटेक्ट ल कार्बुझिएनं ओझाँफाँ या चित्रकारासाठी पॅरिसमध्ये १९२२ साली आखलेलं घर असेल. वरच्या मजल्यावर स्टुडिओ, कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी प्रचंड काच. मलाही ते फार आवडतं. चित्रकाराला उत्तरेची काच हवी असते ती थेट ऊन न येता सारखा उजेड मिळावा म्हणून. पण पॅरिस जवळपास ४९ अंश उत्तर अक्षांशावर आणि नाशिक २० अंशांवर! पॅरिसला जूनमध्येही सूर्य दिवसाचा बराच वेळ दक्षिणेकडून जातो. आपल्याकडे जूनमध्ये तो दिवसभर उत्तरेला झुकलेला असतो, आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या काचेतून थेट कॅनव्हासवर येतं. तेव्हा काच जरूर ठेवा, पण वर दोन फुटांचा छज्जा आणि दर चार फुटांवर दोन फूट खोल उभ्या फिन, म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या, हव्यातच. दुपारचं ऊन छज्जा अडवेल. तिरपं ऊन फक्त फिनच अडवतात.

तुम्हाला जवळचं उदाहरण मेक्सिको सिटीचं. ते शहर जवळपास नाशिकच्याच अक्षांशावर आहे. तिथे आर्किटेक्ट हुआन ओ'गोरमननं १९३१-३२ मध्ये दिएगो रिवेरा आणि फ्रिदा काहलो या चित्रकार जोडप्यासाठी दोन स्वतंत्र घरं बांधली, गच्चीवरून पुलानं जोडलेली, कुंपण निवडुंगाचं. रिवेराच्या स्टुडिओवर कारखान्यासारखं करवती, म्हणजे करवतीच्या दातांसारखं उतारांचं, छप्पर आहे. त्याचा मोह टाळा. दोन उतारांमधल्या पन्हळीत पालापाचोळा अडकला की आपल्या पावसात ती गळणारच. त्याच शहरात आर्किटेक्ट लुईस बारागाननं १९४८ मध्ये स्वतःसाठी घर-स्टुडिओ बांधला आणि स्टुडिओला रस्त्यावरून वेगळं दार ठेवलं. तुमच्या घरात मला सगळ्यात आधी तसं दार हवंय.

हॉल-स्टुडिओ एकत्र करायला माझा स्पष्ट विरोध आहे. टर्पेंटाइनचा वास सासूबाईंच्या देवघरापर्यंत जाईल आणि ओल्या कॅनव्हासला मुलीचा हात लागेल. शिवाय कुणी आलं की काम थांबवून चहा टाकायला तुम्हालाच उठावं लागेल. पुरुष चित्रकारांच्या घरांच्या नकाशात हा विचार सहसा नसतो, म्हणून तुम्ही तो आग्रहानं मांडा. घर आणि स्टुडिओच्या मध्ये उघडं अंगण ठेवा. जेवायला बोलावलं तर ऐकू येईल एवढंच अंतर पुरे.

स्टुडिओचं दार सहा फूट रुंद, आठ फूट उंच, म्हणजे मोठे कॅनव्हास आत-बाहेर नेता येतील. भिंती पांढऱ्या, पण मॅट. ब्रश धुवायला खोल सिंक. टर्पेंटाइन मात्र त्यात ओतायचं नाही, झाकणाच्या डब्यात साठवायचं. स्लॅब पडण्याआधी आर्किटेक्टकडून २१ जूनच्या सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाचच्या उन्हाचं रेखाटन मागून घ्या, आणि ईझल कुठे राहील ते त्यावर स्वतःच्या हातानं काढा.