वस्तू झाकून ठेवायला प्लास्टिक बरं की कापड? कशाला कोणतं कापड वापरावं?

जिथली वाफ किंवा ओल बाहेर पडायला हवी तिथे सुती कापड घ्या. पाणी आत येऊ द्यायचं नसेल तिथे प्लास्टिक नाहीतर ताडपत्रीच. अंगणातल्या स्कूटरचा पावसाळा मांजरपाटाच्या खोळीवर निघणार नाही.

आमच्या वडोदऱ्यात उन्हाळ्यात गच्च्यांवर बघा. मराठी घरांतही साखरांब्याच्या जोडीला छुंदो, म्हणजे कैरीचं गोड गुजराती लोणचं, होतोच. कैरीचा कीस, साखर, मीठ, हळद पातेल्यात कालवायची, तोंडाला मलमल बांधायची आणि उन्हात ठेवायचं. कैरीचं पाणी उडून जातं, धूळ-माशी वरच अडते आणि पाक हळूहळू एकतारी होतो. झाकण घातलंत तर वाफेचे थेंब परत आतच पडतात, पाक पातळ राहतो आणि बुरशी धरते. मलमल मात्र ताणून बांधा. सैल पडली की पाकात बुडते आणि मुंग्या चढतात. पोळ्यांच्या डब्यात आपण फडकं घालतो तेही वाफ टिपायलाच.

जरीच्या साड्यांबद्दल आग्रहाने सांगते: दुकानातली प्लास्टिकची पिशवी घरी आल्या आल्या काढून टाका. खऱ्या जरीत चांदीची तार असते, वर सोन्याचा मुलामा. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडते, आणि पिशवीत कोंडलेली ओल त्याला हातभार लावते. पांढरी मऊ मलमल घ्या. कोरं मांजरपाट असेल तर गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन खळ पूर्ण काढा, कारण खळीला कसर लागते. रंगीत कापड नको, दमट हवेत रंग साडीला लागतो. डांबरगोळ्या जरीला टेकू देऊ नका. पावसाळा सरला की साडी सावलीत उलगडून हवा द्या आणि घडी बदला, नाहीतर जुन्या घडीवरच रेशीम चिरतं.

घरात जुनी पोथी असेल तर ती बासनात बांधायची रीत मोडू नका. हवा खेळती राहते आणि घट्ट बांधल्यामुळे पानं वाकत नाहीत. फक्त बासनाचा लाल रंग सुटतो का, ते ओला कापूस कोपऱ्यावर चोळून बघा. सुटत असेल तर आत धुतलेली मलमल, वर बासन.

सयाजीराव महाराजांनी १८८६ साली इथे संगीतशाळा काढली. गाण्याची आवड असलेली मराठी घरं इथे आजही आहेत, म्हणून तंबोऱ्याचंही सांगते. गवसणी जाड खादीची शिवा, आतून फ्लॅनेलचं अस्तर लावा. भोपळा आणि लाकूड दोन्ही ओल धरतात, प्लास्टिकमध्ये ती बाहेर पडत नाही. गवसणी चढवण्याआधी तारा कोरड्या पुसा, हाताच्या घामाने त्या गंजतात.

कापडाचं आवरण भिजलं तर त्याच दिवशी काढून वाळवा. तुमच्याकडे यातलं सगळंच असेल तर आधी साड्यांची मलमल आणा, पाऊस सुरू व्हायच्या आत.