न्यू जर्सीत घर घेताय आणि अंगणात जुनी तेलाची टाकी निघाली तर माती कशी तपासायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: एडिसनजवळचं १९५० च्या दशकातलं घर, हीटिंग आता गॅसवर आहे, पण मागच्या भिंतीला गंजलेला व्हेंट पाइप (टाकीतली हवा बाहेर सोडणारा) दिसतोय, टँक स्वीपवाल्याला, म्हणजे यंत्राने पुरलेली टाकी शोधणाऱ्याला, अंगणात जमिनीखाली लोखंडाचं काहीतरी मोठं सापडलंय, आणि विकणारे म्हणतायत की मातीचा क्लीन रिपोर्ट देतो, टाकी राहू दे तिथेच. मी इथे साइट क्लीनअपच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून स्पष्टच सांगतो, या अटीवर क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा व्यवहार, करू नका.

कारण असं की टाकी जमिनीत असताना बाजूने बोरिंग करून घेतलेली माती फक्त त्या बोरिंगच्या जागेबद्दल सांगते. ह्या साध्या पोलादी टाक्या, घराला साधारण २७५, ५५० किंवा १,००० गॅलनच्या, तळाशी पाणी साचून आतून गंजतात आणि बारीक बारीक भोकं बरेचदा खालच्या बाजूलाच पडतात, म्हणजे तेल आधी झिरपतं ते नेमकं टाकीच्या पोटाखाली, जिथे टाकी बाहेर काढल्याशिवाय कोणाचाच हात पोचत नाही. शिवाय आज माती क्लीन आली आणि टाकीत तेल शिल्लक असलं तर पुढच्या वर्षी गळणार नाही याची हमी कोण देणार?

तरी बोरिंगचा रिपोर्ट हातात आलाच तर पहिली गोष्ट बघायची ती खोली. चार फूट व्यासाची टाकी दोनतीन फूट मातीखाली असेल तर तिचा तळ सहासात फुटांवर जातो, आणि सँपल हवा त्या तळाच्या लेव्हलचा आणि त्याच्याही थोडा खालचा. मी असे रिपोर्ट पाहिलेत ज्यात अंगणातली वरची फूटभर माती खरवडून लॅबला दिलेली, ती क्लीन येणारच ना, तेल वर चढत नाही हो. वरच्या मातीला अर्थ आहे तो फक्त फिल पाइपच्या (तेल भरायच्या नळाच्या) तोंडाशी, तिथे ट्रकवाल्यांकडून वर्षानुवर्षं थोडं थोडं सांडलेलं असतं, आणि टाकीपासून बेसमेंटपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांच्या मार्गावर. त्या नळ्या बेसमेंटच्या भिंतीतून कापलेल्या किंवा चेपून बंद केलेल्या दिसतायत का तेही जाऊन बघा, स्वीपवाल्याला जे लोखंड लागलं ती टाकीच आहे का याचा तो चांगला पुरावा असतो, कारण कधी कधी नुसता जुना भंगार किंवा सळ्यांचं काँक्रीटही असतं. जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारवर पूर्ण भरवसा नको, चिकणमातीत त्याची लहर फार खोल जात नाही आणि वुडब्रिज, सेअरव्हिल पट्ट्यात चिकणमाती भरपूर.

दुसरं, वास. बरेच जण सांगतात की माती हुंगून बघा, किंवा कॉन्ट्रॅक्टर हातातलं पीआयडी मीटर (हवेत उडणारी वाफ मोजणारं) लावतो आणि आकडा कमी आला की झालं म्हणतो. पेट्रोलला ते मीटर छान चालतं, पण घरात जाळायचं नंबर टू तेल हे डिझेलच्या जातीचं, त्यात हवेत उडणारा भाग कमी, जुन्या गळतीत तर तोही उडून गेलेला. मीटरचा उपयोग कुठला सँपल लॅबला पाठवायचा ते ठरवायला, निकाल द्यायला नाही. निकाल लॅबचाच, राज्याने सर्टिफाय केलेली लॅब, ईपीएच नावाची टेस्ट (मातीत तेलाचा अंश किती ते मोजणारी), आणि आकडा जास्त निघाला तर नॅफ्थलीनसारख्या घटकांची वेगळी तपासणी. सँपल काचेच्या बरणीत, बर्फात ठेवून गेला पाहिजे, आणि कोणी घेतला, कधी, कोणाच्या हाती दिला याचा चेन ऑफ कस्टडीचा कागद रिपोर्टला जोडलेला पाहिजे. तो नसेल तर परत मागा.

खड्ड्यात पाणी लागलं आणि त्यावर तवंग दिसला तर लगेच घाबरू नका, काडीने हलवून बघा, तुकडे तुकडे होऊन तसेच राहिले तर बहुधा लोहाच्या जिवाणूंचा असतो, तेलाचा असेल तर परत एकत्र येतो. पण हे फक्त प्राथमिक बघणं, पुरावा लॅबचा. आणि तेल पाण्यापर्यंत पोचलं असेल तर मामला वेगळाच होतो, मॉनिटरिंग विहिरी, महिनोन्महिने वाट बघणं, खर्च हजारो डॉलरवरून लाख डॉलरकडे जाऊ शकतो. तुमच्या भागात पिस्काटावेकडे लाल शेल (थराथरांचा खडक) आहे, त्याच्या भेगांतून तेल कुठल्या दिशेला जाईल ते आधी सांगता येत नाही.

मग करायचं काय? वकिलाला सांगून करारातच लिहून घ्या की क्लोजिंगच्या आधी, विकणाऱ्यांच्या खर्चाने, टाऊनशिपचं परमिट काढून लायसन्सवाल्या कंपनीकडून टाकी बाहेर काढायची आणि उघड्या खड्ड्याच्या तळातून व भिंतींमधून सँपल घ्यायचे. खणण्याआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी खुणा करून देणाऱ्या नंबरला, फोन हवाच. माती खराब निघाली तर राज्याच्या डीईपीला (पर्यावरण खात्याला) कळवणं बंधनकारक आहे, बरेच विकणारे खणायला तयार नसतात ते यामुळेच, तेही समजून घ्या, लोक वाईट असतात असं नाही, घाबरलेले असतात. पण खरेदीनंतर सापडलं तर तो गुंता तुमच्या दारात येतो आणि साधी होमओनर पॉलिसी सहसा प्रदूषण वगळते.

टाऊनशिपच्या क्लार्ककडे ओप्रा अर्ज (सरकारी कागद मागवायचा अर्ज) आजच टाका, जुनी परमिटं मागवा. "टाकी वाळू भरून बंद केली" असा कागद निघाला तरी त्यावर थांबू नका, जुन्या काळात वाळू भरताना माती तपासलीच जायची असं नाही, मातीचा लॅब रिपोर्ट वेगळा मागा. आणि गळती आधीच नोंदली गेलेली असेल तर डीईपीचं नो फर्दर अ‍ॅक्शन लेटर (आणखी काही करायची गरज नाही असं पत्र) हातात आल्याशिवाय क्लोजिंगची तारीख देऊ नका, कॉन्ट्रॅक्टरचं "काम झालं" असं पत्र त्याच्या जागी चालत नाही.