वाचकांचे प्रश्न : पाणी, निवारा आणि पोचपावती

वस्त्यांमधील नागरी हक्कांवर गेल्या अंकात आलेल्या लेखानंतर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे न देता केवळ राहण्याचा भाग दिला आहे.

प्रश्न : आमची वस्ती २००६ साली वसली. नव्वदएक घरे आहेत, पण नळ एकही नाही. आम्ही बायका पहाटे चारला उठून शेजारच्या वस्तीतून पैसे देऊन कॅन भरून आणतो. वॉर्ड ऑफिसात दोनदा गेलो, तर ‘२००० नंतरच्या झोपड्यांना पाणी देता येत नाही’ असे खिडकीवरूनच सांगितले. आता कोणाकडे जावे? (एक गृहिणी, मानखुर्द)

उत्तर : ताई, तुम्हाला खिडकीवर जे सांगितले गेले ते कोणी लिहून दिले आहे का, हे मला आधी विचारायचे आहे. तुमच्या पत्रावरून तसे दिसत नाही, आणि माझ्या मते तुमच्या कामाची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

एका ठरावीक तारखेनंतर बांधलेल्या झोपड्यांना पाणी द्यायचे नाही, ही अट राज्य सरकारच्या १९९६ च्या परिपत्रकातून आली. तेव्हा ती तारीख १ जानेवारी १९९५ होती, पुढे ती १ जानेवारी २००० झाली. या अटीविरुद्ध पाणी हक्क समितीने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की पाणी मिळण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, त्यामुळे घर अनधिकृत आहे एवढ्याच कारणाने माणसाला पाणी पूर्णपणे नाकारता येणार नाही. मात्र अधिकृत घरांइतक्याच प्रमाणात आणि त्याच पद्धतीने पाणी मिळावे, असा दावा या रहिवाशांना करता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. निकालाची ही दुसरी बाजू तुम्हाला ठाऊक असावी, कारण अधिकारी तुमच्यापुढे तीच ठेवतील. निकालानंतर महापालिकेला धोरण आखावे लागले, त्यातूनही अनेक वस्त्या वगळल्या गेल्या, पुन्हा पाठपुरावा झाला, आणि मे २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आले. त्यामुळे २००० सालाचे कारण आज तुम्हाला सांगितले जात असेल, तर ते लेखी द्यायला कोणताही अधिकारी सहजासहजी तयार होणार नाही.

म्हणून अर्ज एकटीने न करता गटाने करावा. प्रत्येक घरातील एका प्रौढ व्यक्तीचे नाव, सही किंवा अंगठा आणि वास्तव्याचा जो कोणता पुरावा असेल त्याची प्रत जोडावी. वस्ती ज्या जमिनीवर आहे ती कोणाच्या मालकीची, हे आधी शोधून ठेवावे, कारण पुढचा अडथळा बहुधा ‘ना हरकत’ पत्राच्या नावाने येतो. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख व क्रमांक घेतल्याशिवाय तेथून हलू नये. पुन्हा तोंडी नकार मिळाल्यास त्याच दिवशी साध्या कागदावर लिहावे : ‘आज अमुक वेळी आपल्या कार्यालयात आम्हाला असे सांगण्यात आले. हे खरे असल्यास कोणत्या नियमानुसार, ते लेखी कळवावे.’ या पत्राचीही पोचपावती घ्यावी. वर्षभर हेलपाटे घालून जे साधत नाही ते अशा चार ओळींच्या पत्राने साधल्याचे मी एकाहून अधिक वस्त्यांत पाहिले आहे.

तुम्ही लिहिले नाही, तरी एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. आज तुम्हाला पाणी विकणारी माणसे बहुधा तुमच्यासारख्याच खोल्यांत राहणारी आहेत. नळ आला की त्यांचे उत्पन्न जाईल, आणि पहिला विरोध कार्यालयाआधी गल्लीतूनच होईल. त्यांना शत्रू ठरवून पुढे जाऊ नका. त्यांच्या घरातील बायकांना पहिल्या बैठकीपासून बोलवा. पाणी पुरवठा नियमित व्हावा, ही गरज त्यांचीही असतेच.

आणि कंटाळा येईल तेव्हा महाड आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच संमत झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारलाही होता. तरीही डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत जाऊन २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तोवर त्या ठरावाने कोणाचीही ओंजळ भरली नव्हती. न्यायालयातील वाद त्यानंतरही चालला आणि उच्च न्यायालयाचा निर्णय १९३७ मध्ये लागला. तुमच्या शहरातलाच दाखला हवा असेल, तर गोरेगावच्या मृणाल गोरे यांचा घ्यावा. १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून गेल्या आणि पाण्यासाठी केलेल्या झगड्यामुळे लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. त्यांच्या मोर्च्यांत हंडे घेऊन चालणाऱ्या बायका तुमच्यासारख्याच होत्या, पहाटे उठून पाणी भरणाऱ्या.

प्रश्न : मी निवृत्त बँक कर्मचारी आहे. आयुष्यभर प्रामाणिकपणे कर भरला, कर्ज काढून घर घेतले. ज्यांनी सरकारी जागेवर अतिक्रमण केले त्यांना पाणी आणि घराचा हक्क द्यायचा, तर नियम पाळणाऱ्यांनी काय समजायचे? माझा राग नाही, पण मला हे पटत नाही. (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : आपण मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल आभार. हा प्रश्न मनात असूनही न विचारणारे पुष्कळ आहेत.

आपल्या शंकेचा विचार सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्याच एका प्रकरणात केलेला आहे. १९८१ च्या पावसाळ्यात तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या आदेशाने पदपथांवरील झोपड्या तोडून तेथील माणसांना बसमध्ये घालून शहराबाहेर पाठवण्याची मोहीम सुरू झाली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस, काही नागरी हक्क संघटना आणि स्वतः झोपडीवासी न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. त्याचा गाभा असा : माणूस पदपथावर राहतो, कारण त्याचे काम तेथून जवळ आहे, निवारा काढून घेतला की त्याची उपजीविका जाते, आणि उपजीविकेचे साधन काढून घेणे म्हणजे जगण्याचा हक्क काढून घेणे. म्हणून उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो.

परंतु याच निकालाने पदपथ अडवून राहण्याचा हक्क कोणालाही दिला नाही. महापालिका कायद्याचे कलम ३१४ वैध ठरले, झोपड्या हटवण्याचा महापालिकेचा अधिकार मान्य झाला, आणि न्यायालयाने सर्वसाधारण नियम म्हणून सांगितले ते एवढेच की माणसाला आधी नोटीस द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. कारवाई पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबवण्यात आली आणि १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा देण्यास सांगण्यात आले. आम्हा कार्यकर्त्यांना हा निकाल अपुरा वाटत आला आहे. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले, तर न्यायालयाने जमिनीचा हक्क आणि माणसाचा हक्क वेगळे केले आहेत. नळजोडणी मिळाल्याने जागेची मालकी मिळत नाही. ती केवळ तहान भागवते.

कराविषयी म्हणाल, तर साबण, कपडे किंवा औषधाची बाटली घेताना झोपडीतील स्त्रीही कर भरतेच. तरीही माझा युक्तिवाद त्यावर उभा नाही, कारण कर न भरणाऱ्या तान्ह्या मुलालाही पाणी लागते. नियम पाळणाऱ्यांवर अन्याय झाला आहे तो एवढाच की त्यांना परवडणारी घरे या शहराने पुरेशी कधी बांधलीच नाहीत आणि आयुष्याची मिळकत कर्जाच्या हप्त्यांत गेली. तो अन्याय आपल्यावर झोपडीतील माणसाने केलेला नाही.

प्रश्न : माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. माझे काही चुकले का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कुर्ला)

उत्तर : तुम्ही अर्जाची प्रत पाठवली आहे, त्यात चारही प्रश्न ‘का’ने सुरू होतात : शौचालय का दुरुस्त झाले नाही, निधी का परत गेला, वगैरे. कायद्याने अभिलेखात जे आहे तेच मागता येते. कारणे शोधून लिहून देण्यास जन माहिती अधिकारी बांधील नसतो. म्हणून अर्जात दस्तऐवजांची मागणी करावी : दुरुस्तीचा कार्यादेश, कंत्राटदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती, पाहणी अहवाल, तक्रार नोंदवहीतील अमुक महिन्याची पाने. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा, शुल्क १० रुपये, आणि माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची सक्ती नाही. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. उत्तर असमाधानकारक असल्यास ३० दिवसांत प्रथम अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. अपिलाच्या तारखा आजच वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : माझी आई अकरा वर्षे कंत्राटदाराकडे सफाईचे काम करते. पगार उशिरा येतो, भविष्य निर्वाह निधी भरला जातो की नाही ठाऊक नाही. युनियनचे लोक भेटायला आले, पण आई म्हणते, ‘नाव दिले तर उद्यापासून हजेरी बंद.’ मी तिला आग्रह करू का? (एक मुलगी, घाटकोपर)

उत्तर : आग्रह करू नकोस. आईची भीती अनुभवातून आलेली आहे आणि हजेरी बंद झाली तर चूल तिचीच थांबेल. तिने सही करण्यापूर्वीही तुला करता येण्यासारखे पुष्कळ आहे.

याच शहरातील कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांची हकीकत तिला सांग. त्यांना कामगार न म्हणता ‘स्वयंसेवक’ म्हटले जात असे आणि त्यांच्या वेतनाला ‘मानधन’, म्हणजे कामगार कायद्यांचा प्रश्नच येऊ नये. कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा लढा वर्षानुवर्षे औद्योगिक न्यायाधिकरणापासून वर नेला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय टिकला. त्यानंतरही अनेकांना थांबावे लागले, कारण यादीतील नाव आणि ओळखपत्रावरील नाव यांत फरक होता. आयुष्यभर ज्यांचे नाव मुकादमाने त्याला जमेल तसे लिहिले, त्यांच्याकडे शेवटी अचूक नावाचा पुरावा मागितला गेला. मला हे आजही अस्वस्थ करते.

म्हणून तू आधी आईचे नाव आधार, बँक पासबुक आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात सारखे आहे का, ते पाहा. निधीच्या खात्याचे पासबुक मोबाइलवर दिसते आणि त्यावरून दरमहा भरणा होतो की नाही ते कळते. ओळखपत्र, हजेरीचे कार्ड, पगाराच्या नोंदी यांची छायाचित्रे काढून ठेव. कंत्राटदाराने वेतन बुडवल्यास ते देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे ज्या संस्थेसाठी काम होते तिच्यावर येते, हे आईला आणि तिच्या हजेरीच्या चौकीवरील इतर बायकांना माहीत असू दे. त्या सात-आठ जणी एकत्र बोलू लागल्या की युनियनचा निर्णय त्यांचा त्या घेतील. एकट्या बाईची हजेरी बंद करणे सोपे असते, पण सगळ्या चौकीची बंद केली तर दुसऱ्या दिवशी रस्ता कोण झाडणार, हा प्रश्न मुकादमालाच पडतो.

मोफत वकिलाची गरज भासल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता हे साहाय्य मिळते. १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येईल.

प्रश्न : आमच्या वस्तीतील तोडक कारवाईविरुद्ध आम्ही धरणे धरणार आहोत. पोलीस परवानगी देत नाहीत. गुन्हा दाखल झाला तर तरुण मुलांच्या नोकरीला अडचण येईल, अशी घरच्यांना काळजी आहे. (एक तरुण, मालवणी)

उत्तर : शांततेने व विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये आहे. सार्वजनिक ठिकाणच्या सभांचे नियमन पोलिसांना करता येते, पण सरसकट मनाईचा मनमानी अधिकार त्यांना नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या हिंमतलाल शहा प्रकरणात १९७२ मध्येच ठरले आहे. दुसरीकडे, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून आंदोलन करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले. त्यामुळे जागा, वेळ आणि अंदाजे संख्या नमूद करून लेखी अर्ज द्या, नकारही लेखी मागा, आणि मुंबईत आंदोलनासाठी ठरवून दिलेल्या आझाद मैदानाचा पर्याय तयार ठेवा.

घरच्यांची काळजी रास्त आहे. ज्यांची नोकरीची पडताळणी चालू आहे त्यांनी पुढे उभे राहू नये. अर्ज लिहिणे, छायाचित्रे काढणे, वकिलाच्या संपर्कात राहणे ही कामेही तितकीच लागतात. अटक झाल्यास कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. मारहाण किंवा बेकायदा डांबून ठेवल्याची तक्रार राज्य मानवी हक्क आयोगाकडे विनाशुल्क करता येते, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत. आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही, हे ध्यानात घेऊनच तेथे जावे.

तुम्ही पाठवलेल्या नियोजनाच्या कागदात घोषणा, फलक आणि वक्त्यांची यादी आहे. धरण्याला बसणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत असेही लिहिले आहे. त्यांची मुले दिवसभर कोणाच्या घरी राहतील आणि संध्याकाळचा स्वयंपाक कोण करील, याबद्दल मात्र त्यात काही नाही. पुढील बैठकीत हा विषय सर्वांत आधी घ्या, आणि त्या बैठकीला वस्तीतील पुरुषांनाही बोलवा.